अंड्यातली पहिली रक्तवाहिनी पाहणारी बाई

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवलं की एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी घरी पाहिलेलं असेल. पण त्याच अंड्यात दुसऱ्या दिवशी काय चाललेलं असतं? तेव्हा आत चोच नसते, पंख नसतात, पाय नसतात. पिवळ्या बलकावर एक पातळ, जवळजवळ काचेसारखी आरपार दिसणारी चकती असते. त्या चकतीत पहिल्या रक्तवाहिन्या तयार होत असतात आणि दीड दिवस होता होता एक इवलासा ठोका पडतो. हृदय सुरू झालेलं असतं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एक बाई हे सगळं जिवंतपणी पाहायचं म्हणून रात्रभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. त्यांचं नाव फ्लॉरेन्स सेबिन. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्याविषयी गेल्या वर्षी मला बरंच वाचावं लागलं. का, ते पुढे सांगतेच. वाचता वाचता या बाईंचं नाव समोर आलं आणि मी त्यांच्या आयुष्यातच गुंतत गेले. म्हटलं, मैत्रिणींनो, आज तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगावी.

फ्लॉरेन्सचा जन्म ९ नोव्हेंबर १८७१चा. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डोंगरातल्या सेंट्रल सिटी नावाच्या खाणगावात ती जन्मली. वडील खाण इंजिनिअर, आई पूर्वी शाळेत शिकवायची. घरात मोठी बहीण मेरी. फ्लॉरेन्स सात वर्षांची झाली आणि १८७८ साली तिची आई गेली. कशानं? तर बाळंतपणातल्या तापानं. आपल्याकडच्या जुन्या बायका ज्याला बाळंतरोग म्हणायच्या, तोच. आईच्या पाठोपाठ धाकटं भावंडंही राहिलं नाही. एका घराची वाताहत व्हायला त्या काळी एक बाळंतपण पुरत असे. मग ते कोलोरॅडोत असो की कोकणात.

खाणीच्या कामामुळे वडिलांना मुलींकडे बघणं जमेना. दोघी बहिणी आधी डेन्व्हरच्या वसतिगृहात राहिल्या, मग शिकागोला काकांकडे आणि नंतर व्हरमाँटला आजी-आजोबांकडे. काकांच्या घरी पुस्तकं होती, गाणं होतं. फ्लॉरेन्सला पियानोचं वेड लागलं. आपण मोठी पियानोवादक व्हायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पण तिचा हात बेताचाच आहे, असं तिला कुणीतरी तोंडावर सांगितलं. कोवळ्या वयात असं बोलणं किती लागतं, ते आपल्याला ठाऊक आहे. तिनं रडून घेतलं असेल, नसेल. पण पियानोचा नाद सोडून ती विज्ञानाकडे वळली, एवढं खरं.

स्मिथ कॉलेज नावाच्या मुलींच्या कॉलेजातून ती १८९३ साली पदवीधर झाली. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण पैसे कुठे होते? मग तिनं शिकवायला सुरुवात केली. दोन वर्षं डेन्व्हरला, एक वर्ष आपल्याच कॉलेजात. तीन वर्षांत फीची तजवीज झाली आणि १८९६ साली तिनं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश घेतला.

या मेडिकल स्कूलची जन्मकथा आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. इमारत आणि दवाखाना होता, पण शाळा सुरू करायला पैसे कमी पडत होते. तेव्हा मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी पाच लाख डॉलर उभे केले. त्यातले तीन लाखांहून अधिक एकट्या मेरीचे. पैसे देताना त्यांनी अट घातली, की मुलींनाही मुलांच्याच बरोबरीनं प्रवेश मिळाला पाहिजे, एकाच वर्गात, एकाच परीक्षेला. विश्वस्त मंडळींनी बरेच आढेवेढे घेतले, पण पैशांची गरज होती. १८९३ साली शाळा सुरू झाली आणि त्या अटीच्या जोरावर तीन वर्षांनी फ्लॉरेन्स आत गेली. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच देशातल्या फिलाडेल्फियात १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या, पण ते खास बायकांचं कॉलेज होतं. मुलांच्या मांडीला मांडी लावून वैद्यक शिकायचं, हे अजून नवलाईचं होतं.

तिथे तिला गुरू भेटले फ्रँकलिन मॉल. हे शरीररचनेचे प्राध्यापक. मुलगी आहे म्हणून वेगळी वागणूक नाही, लाड नाहीत आणि तुच्छताही नाही. त्यांनी तिच्या हातात काम दिलं. विद्यार्थी असतानाच फ्लॉरेन्सनं तान्ह्या बाळाच्या मेंदूच्या बुडख्याचा, म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा जोडणाऱ्या भागाचा, कापाकापानं अभ्यास करून त्याचं त्रिमिती मॉडेल तयार केलं. त्यावरचं तिचं चित्रमय पुस्तक १९०१ साली निघालं आणि डॉक्टरीचे विद्यार्थी पुढे कितीतरी वर्षं ते वापरत होते. १९०० साली ती डॉक्टर झाली होती. एक वर्ष इस्पितळात काम केल्यावर १९०२ साली ती त्याच मेडिकल स्कूलमध्ये शिकवू लागली. तिथली ती पहिली स्त्री शिक्षिका.

आता इथून पुढे मी फ्लॉरेन्सबाई म्हणते. डॉक्टर झाल्या, मास्तरीण झाल्या, एकेरीत बोलवणं बरं दिसत नाही.

बाईंचं पहिलं मोठं काम लसिकावाहिन्यांवरचं. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून रक्त वाहत नाही, पाण्यासारखा द्रव वाहतो. पाय सुजतो, काखेत अवधाण येतं, त्या सगळ्याचा या जाळ्याशी संबंध असतो. हे जाळं गर्भात तयार कसं होतं? तेव्हाच्या बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं, की मांसामधल्या फटींतून या नळ्या तयार होतात आणि मग जाऊन शिरांना मिळतात. बाईंनी डुकराचे अगदी छोटे, इंचभर लांबीचे गर्भ घेतले आणि अतिशय बारीक सुईनं त्यात रंगीत द्रव भरला. नाक मुरडू नका, कसाईखान्यात ते सहज मिळत आणि त्यांची वाढ आपल्यासारखीच असते. रंग कुठून कुठे जातो ते त्यांनी पाहिलं. तेव्हा दिसलं ते उलटंच. या नळ्यांना शिरांमधूनच कोंब फुटतात आणि त्या बाहेरच्या बाजूला पसरत जातात.

कितीतरी नामवंतांनी हे मानायला नकार दिला. वर्षानुवर्षं वाद चालला. पुढे १९९९ साली उंदरांच्या गर्भातल्या एका जनुकाचा अभ्यास झाला आणि शिरेतल्या पेशींपासूनच लसिकावाहिन्या निघतात, याला नव्यानं पुरावा मिळाला. काही अवयवांत त्या इतर पेशींपासूनही बनतात, हे त्यानंतर कळलं. पण बाईंचा मुख्य मुद्दा खरा ठरला, तोही त्या जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर.

मग आला तो कोंबडीच्या अंड्याचा उद्योग. मेलेल्या गर्भात रंग भरून बाईंचं समाधान होईना. रंग तिथेच पोहोचतो जिथे नळी आधीच उघडलेली आहे. नळी मुळात कशी जन्मते, ते कसं कळणार? म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या अंड्यातली ती चकती अलगद बाहेर काढली, काचेवर उबदार द्रवात जिवंत ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली पाहत बसल्या. १९१७ ते १९२०च्या सुमाराचं हे काम. त्यांना दिसलं, की काही पेशी आजूबाजूच्या पेशींपासून वेगळ्या होतात. त्यांचे छोटे छोटे पुंजके जमतात. पुंजक्याचा मधला भाग विरघळल्यासारखा होऊन तिथे पोकळी पडते. शेजारच्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि जाळं तयार होतं. त्याच भिंतींतून पहिल्या लाल पेशी सुटतात. आणि मग ते हृदय हलतं. पहाटेपर्यंत जागून त्यांनी हे पाहिलं. आपल्या आयुष्यातला सगळ्यांत रोमांचक अनुभव हाच, असं त्या पुढे सांगत असत.

आता मेंदूकडे येते, कारण माझं वाचन तिथूनच सुरू झालं होतं.

आईच्या पोटात बाळ चार आठवड्यांचं असतं, तेव्हा त्याचा मेंदू म्हणजे एक साधी नळी असते. त्या नळीभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं एक जाळं पसरतं, अगदी क्रोशाच्या विणीसारखं. त्यात धमनी कुठली, शीर कुठली, काही ठरलेलं नसतं. मग त्या जाळ्यातून मेंदूच्या आत फांद्या शिरतात. जिथून रक्त जोरानं वाहतं, त्या वाटा रुंद होतात. जिथून वाहत नाही, त्या मिटून जातात. मेंदू वाढत जातो, तशी जाळ्याची पुन्हा पुन्हा उसवाउसव आणि विणकाम चालतं. हे सगळं होतं तेव्हा कितीतरी बायकांना दिवस गेल्याचा नीटसा पत्ताही लागलेला नसतो.

शेवटी जे तयार होतं, ते आपल्या शेतातल्या पाण्यासारखं असतं. कालव्याचं पाणी पाटात येतं, पाटातून चारीत, चारीतून सरीत. सरीत येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो, ते जमिनीत मुरतं, पिकाला मिळतं. उरलेलं हळूहळू ओढ्याला जातं. मेंदूत कालवा म्हणजे धमनी, सरी म्हणजे केसाहून बारीक केशवाहिन्या आणि ओढा म्हणजे शीर.

कधीकधी एखाद्या जागी या सऱ्या नसतातच. कालवा थेट ओढ्यात फुटतो. धमनी थेट शिरेला जोडलेली असते आणि मध्ये वेड्यावाकड्या नळ्यांचा गुंता असतो. याला डॉक्टर एव्हीएम म्हणतात. ओढ्याचा काठ कालव्याच्या पाण्याचा जोर सोसायला बांधलेला नसतो, तशी शिरेची भिंत धमनीच्या दाबासाठी बनलेली नसते. ती फुगते आणि एखादे दिवशी फुटू शकते. दुसऱ्या एका प्रकारात तुतीच्या फळासारखा, पातळ भिंतींच्या पोकळ्यांचा गोळा असतो. तिसरा प्रकार फार क्वचित आढळतो. गर्भाच्या मेंदूत मध्यभागी एक तात्पुरती शीर असते. तिनं साधारण तिसरा महिना सरेपर्यंत विरून जायचं असतं. ती तशीच राहिली आणि धमन्या तिच्यात उघडल्या, तर जन्मलेल्या बाळाच्या हृदयावर भयंकर ताण येतो. याच दोषावर २०२३ साली अमेरिकेत बोस्टनला बाळ पोटात असतानाच उपचार केले गेले. चौतिसाव्या आठवड्यात, आईच्या पोटातून सुई घालून, सोनोग्राफीत बघत बघत.

फ्लॉरेन्सबाईंनी स्वतः या दोषांवर काम केलं नव्हतं. त्यांनी पाया घातला, तो रक्तवाहिनी मुळात कशी बनते याचा. माणसाच्या मेंदूतल्या जाळ्याचा नकाशा काढला तो त्यांच्याच शहरातल्या दुसऱ्यांनी. प्राध्यापक मॉल यांनी मानवी गर्भांचा मोठा संग्रह केला होता. त्यावरून जॉर्ज स्ट्रीटर यांनी १९१८ साली मेंदूच्या रक्तवाहिन्या कशा बदलत जातात ते मांडलं. आणि १९४८ साली डॉर्कस पॅजेट या बाईंनी मेंदूच्या धमन्यांची वाढ टप्प्याटप्प्यानं चित्रांसह छापली. या पॅजेटबाई मुळात मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांच्याकडे चित्रं काढायला होत्या. चित्रं काढता काढता त्या शास्त्रज्ञ झाल्या. आजही मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारे डॉक्टर त्यांची चित्रं उघडतात.

आणि एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो संग्रह आला कुठून? ज्या बायकांचे दिवस राहिले नाहीत, ज्यांचे गर्भ पडले, त्यांच्या डॉक्टरांनी ते मॉल यांच्याकडे पाठवले होते. त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या दुःखातून हे ज्ञान उभं राहिलं आहे.

आता माझ्या वाचनाचं कारण. आमच्या नात्यातल्या एका सुनेचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत खेळताना पडला आणि त्याला फिट आली. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहरात. एमआरआय झाला, मग अँजिओग्राफी. मेंदूत एव्हीएम निघाला. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता, सुदैवानं रक्तस्राव झालेला नव्हता. पण घरी मात्र दुसराच खटला सुरू झाला होता. पोटुशी असताना तिनं ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून पोराच्या डोक्यात शिरांचा गुंता झाला. आधी एक जण बोललं, मग सगळेच बोलायला लागले. ती पोर एका बाजूला मुलाच्या उशाशी बसायची आणि दुसऱ्या बाजूला हे ऐकून घ्यायची. शेवटी तिलाच ते खरं वाटायला लागलं. एकदा तिनं मला फोनवर विचारलं, मामी, खरंच माझ्या हातून झालं का हो हे?

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनाही गाठलं. जे कळलं ते असं. ग्रहणाचा, विळीचा, पपईचा, जिने चढण्याचा या गुंत्याशी काहीही संबंध नाही. २०१८ साली शास्त्रज्ञांनी ऑपरेशनमध्ये काढलेले असे गुंते तपासले. त्यातल्या बऱ्याच जणांत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींमध्ये एका जनुकात बदल सापडला. तो बदल आईकडून आलेला नव्हता आणि बापाकडूनही नव्हता. त्या गुंत्यातल्याच पेशींत, वाढ होताना, तो आपोआप घडलेला होता. पूर्वी वाटायचं की असे सगळे गुंते जन्मतःच असतात. आता काही गुंते जन्मानंतर तयार झालेलेही सापडले आहेत. बहुतेक एव्हीएम आनुवंशिक नसतात. अपवाद आहे तो एका आजाराचा, ज्यात घरात पिढ्यान्पिढ्या अनेकांचं वारंवार नाक फुटतं, ओठांवर, बोटांवर लाल ठिपके दिसतात. तुमच्या घरात असं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मी तिला हे सगळं सांगितलं आणि तिच्या सासूबाईंनाही सांगितलं, फोन स्पीकरवर ठेवून. बाळाच्या मेंदूतलं ते विणकाम सुरू झालं तेव्हा सूनबाईला आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नव्हतं, मग दोष कसला द्यायचा? सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, पोराला बरं वाटू दे, बास. बोलणी थांबली. मुलावर रेडिओसर्जरी झाली. तो आता शाळेत जातो, फिटच्या गोळ्या चालू आहेत, दर काही महिन्यांनी तपासणी असते. अशा उपचारानंतर गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, त्यामुळे अजून वाट पाहायची आहे.

मैत्रिणींनो, या निमित्तानं काही गोष्टी माहीत असू द्या. विजेचा लोळ पडावा तशी अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी, त्याबरोबर उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणं, यातलं काहीही झालं तर घरगुती काढे करत बसू नका. जिथे सीटी स्कॅन आहे अशा इस्पितळात ताबडतोब जा. एरवीची नेहमीची डोकेदुखी म्हणजे असा गुंता नव्हे. हा आजार तसा विरळाच, उगाच घाबरून जाऊ नका.

कुणाला फिट आली तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला सारा, फिट आलेल्याला एका कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, लगेच दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आलेली असेल, तर गाडी बोलवा.

एव्हीएम निघालाच, तर अशा गुंत्यातून वर्षाला साधारण शंभरात दोन ते चार जणांना रक्तस्राव होतो, असा डॉक्टरांचा अंदाज असतो. म्हणून प्रत्येकाचं लगेच ऑपरेशन करायचं नसतं. गुंता किती मोठा आहे, मेंदूच्या कुठल्या भागात आहे, पूर्वी फुटलेला आहे का, यावर ठरतं. कधी ऑपरेशन, कधी नळी घालून आतून गोंदासारखा पदार्थ भरणं, कधी रेडिओसर्जरी, कधी नुसतं लक्ष ठेवणं. डॉक्टरांना या चारही वाटांविषयी विचारा. विचारण्यात लाजायचं कारण नाही.

आता पुन्हा आपल्या बाईंकडे. १९१७च्या नोव्हेंबरमध्ये प्राध्यापक मॉल वारले. विभागप्रमुख कोण होणार, तर फ्लॉरेन्सबाई, असं त्यांच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं. पंधरा वर्षं शिकवलेलं, संशोधनात नाव झालेलं. पण ती खुर्ची मिळाली लुईस वीड यांना. ते एकेकाळी बाईंचेच विद्यार्थी. बाईंना प्राध्यापकपद देण्यात आलं. त्या मेडिकल स्कूलमधल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक ठरल्या खऱ्या, पण जी जागा त्यांची होती ती गेलीच. विद्यार्थ्यांनी निषेध नोंदवला. बाई नोकरी सोडून जातील असं लोकांना वाटलं. त्या गेल्या नाहीत, कारण हातातलं संशोधन अर्धवट होतं. अंड्यातल्या रक्तवाहिन्यांवरचं ते गाजलेलं काम याच अपमानाच्या आगेमागे झालेलं आहे, हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी फारच वाटलं. आपल्यातल्या किती जणींनी असा घोट गिळून दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेचं मस्टर सही केलं असेल!

मान मिळाला तो बाहेरून. १९२४ साली त्या अमेरिकेतल्या शरीररचना तज्ज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९२५ साली तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटनं त्यांना बोलावलं. तिथे तेरा वर्षं त्यांनी क्षयरोगावर काम केलं. एवढं सगळं करून त्यांना स्वयंपाकाची भारी हौस. विद्यार्थ्यांना घरी बोलवायचं, स्वतःच्या हातानं जेवू घालायचं आणि जेवताना पेशींवर गप्पा मारायच्या, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी लग्न केलं नाही. १९३८ साली निवृत्त होऊन त्या डेन्व्हरला मेरीकडे राहायला गेल्या. लहानपणी एकमेकींच्या आधारानं वाढलेल्या दोघी बहिणी म्हातारपणी पुन्हा एका घरात.

पण आराम नशिबात नव्हता. १९४४ साली कोलोरॅडोच्या गव्हर्नरनी त्यांना युद्धानंतरच्या आरोग्य नियोजनाच्या समितीवर नेमलं. सत्तरी ओलांडलेली, अंबाडा घातलेली, चष्मेवाली म्हातारी काय गडबड करणार, असाच हिशेब होता म्हणतात. बाईंनी राज्य पालथं घातलं. सुंदर हवेचं म्हणून मिरवणाऱ्या त्या राज्यात दूध न उकळता विकलं जात होतं, सांडपाणी उघड्यावर वाहत होतं, टाळता येण्याजोग्या आजारांनी माणसं मरत होती. त्यांनी गावोगावी, बर्फातसुद्धा, सभा घेतल्या, आमदारांच्या मागे लागल्या आणि १९४७ साली आरोग्याचे नवे कायदे करून घेतले. लोक त्यांना सेबिन कायदे म्हणू लागले. मग डेन्व्हर शहराचं आरोग्य खातं सांभाळलं, क्षयासाठी गल्लोगल्ली एक्स-रे तपासणी केली आणि त्या कामाचा पगार वैद्यकीय संशोधनाला देऊन टाकला. १९५१ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास मेरीचं दुखणं वाढलं, तेव्हा बाईंनी सगळी पदं सोडली आणि बहिणीची शुश्रूषा करायला घरी बसल्या.

३ ऑक्टोबर १९५३. बाई टीव्हीवर बेसबॉलचा सामना बघत होत्या. मध्येच पाय मोकळे करायला म्हणून उठल्या आणि हृदय थांबलं. ब्याऐंशी पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. १९५९ साली वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसद भवनात कोलोरॅडो राज्यातर्फे त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. त्यात त्या एका उंच स्टुलावर बसलेल्या आहेत, शेजारी मायक्रोस्कोप.

बाळंतपणात आई गमावलेल्या मुलीनं पुढे आयुष्यभर रक्त, रक्तवाहिन्या आणि लोकांचं आरोग्य यावर काम केलं. मेंदूत गुंता का होतो, याचं पूर्ण उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. आजही शोध चालूच आहे. पण रक्तवाहिनी कशी जन्मते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यात ग्रहणाला किंवा विळीला कुठेही जागा नव्हती. तुमच्या ओळखीत एखाद्या आईला असं बोललं जात असेल, तर हे तिला जरूर सांगा. आणि तिच्या घरातल्या बाकीच्यांनाही.